एमजीबीचं इंजिन घरच्या घरी उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी सांगा, ही गाडी कोणती? एमजी म्हणजे ती हेक्टरवाली का?

गावाकडे फोनवर 'एमजी घेतलीय' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, सनरूफवाली का? तर नाही. ही एमजीबी. १९६२ पासून १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार. माझी १९७१ ची आहे आणि इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीजवळच्या घराच्या गॅरेजात उभी असते. तिचं इंजिन मी आजवर तीनदा उतरवलंय. पहिल्यांदा गरज म्हणून, दुसऱ्यांदा पहिल्या वेळची चूक निस्तरायला, तिसऱ्यांदा सगळं नीट कळल्यावर.

कोल्हापूरकर असल्याने या इंजिनाशी माझी ओळख जुनी निघाली. आमच्या घरी ॲम्बेसिडर होती. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सीरिज'मधली. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खालचा प्रवास) तोच, ८८.९ मिलिमीटर, फरक बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या व्यासात. अँबीवर हात काळे केलेल्या माणसाला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर माहेरी आल्यासारखं वाटतं.

इंजिन उतरवायची वेळ येतेच कशाला? इंजिन तर चांगलं चालतंय.

बहुतेकांवर ही वेळ इंजिनामुळे येत नाही, क्लचमुळे येते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवून क्लच प्लेट बदलता येते. एमजीबीत तसं होत नाही. बॉडी मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही, मधला बोगदा बॉडीचाच भाग, त्यामुळे गिअरबॉक्सला खाली यायला वाटच नाही. क्लचपर्यंत पोचायचं तर इंजिन बाहेर.

त्यात हिचं क्लच रिलीज बेअरिंग कार्बनचं असतं, छर्‍यांचं नाही. सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय असेल तर ते झिजत जातं. न्यूट्रल करा आणि पाय काढा. ही सवय मोडली तर या पानाची गरज पाच-सात वर्षं पुढे ढकलता येईल.

नुसतं इंजिन काढू की गिअरबॉक्ससकट?

यावरून दोन पंथ आहेत. दोन्हींचे लोक एकमेकांना वेड्यात काढतात.

नुसतं इंजिन काढलं तर गिअर लिव्हर, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा), गिअरबॉक्सखालचा आडवा बीम यांना हात लावावा लागत नाही. क्रेन फार उंच न्यावी लागत नाही. पण इंजिन पुढे सरळ रेषेत ओढून गिअरबॉक्सच्या शाफ्टवरून सोडवावं लागतं. काढताना हे निभावतं, बसवताना घाम फोडतं. शाफ्ट क्लच प्लेटमध्ये जात नाही, इंजिन क्रेनवर डुलतंय, तुम्ही एका हाताने पुली फिरवताय आणि दुसऱ्या हाताने देवाला नमस्कार करताय. वैतागून बोल्टांच्या जोरावर इंजिन मागे ओढलं की क्लच प्लेट वाकलीच समजा. माझी पहिल्या वेळची चूक ती हीच.

गिअरबॉक्ससकट काढायचं तर खालचं काम वाढतं, वजन वाढतं, धूड लांबलचक होतं आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांत कलतं करून काढावं लागतं. पण क्लच जुळवायचं काम जमिनीवर, उजेडात, चहा पीत होतं. उंची आणि जागा असेल तर माझं मत गिअरबॉक्ससकट.

माझं गॅरेज लहान आहे. जमेल?

इंग्लंडमधली जुन्या घरांची गॅरेजं म्हणजे सायकली आणि रंगाचे डबे ठेवायची खोली. गाडी आत गेली तर दार उघडून उतरता येत नाही. म्हणून गाडीचं नाक दाराकडे करून उभी करा आणि क्रेन बाहेरून, घरासमोरच्या फरशीवरून लावा. गाडीपुढे निदान दोन-अडीच मीटर मोकळी, सपाट, टणक जागा हवी. मुरूम किंवा विटांच्या उंचसखल फरशीवर क्रेनची लहान चाकं अडतात. लटकलेलं इंजिन घेऊन अडलेली क्रेन ढकलणं हा या कामातला सगळ्यात धोक्याचा क्षण. तिथे जाड प्लायवूड अंथरा.

पावसाचा अंदाज बघा. इथे तो रोजच असतो, तरी बघा.

क्रेन लागतेच का? आमच्याकडे मिस्त्री आंब्याच्या फांदीला चेन-पुली बांधतात.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या गॅरेजमध्ये आमची अँबी जायची, तिथे लोखंडी तिवई होती आणि तिच्या डोक्याला चेन-पुली. इंजिन वर घ्यायचं, गाडी मागे ढकलायची, झालं. पद्धत उत्तम आहे. तिवई घराच्या छताला बांधलेल्या दोरापेक्षा शंभर पटीने बरी. गॅरेजच्या छताच्या लाकडी तुळया छपराचं वजन घ्यायला असतात, इंजिन लटकवायला नव्हे. बी सीरिजचं इंजिन एकटंच दीडशे किलोच्या पुढे जातं, ओव्हरड्राइव्हचा (वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणाऱ्या जादा गिअरचा) गिअरबॉक्स धरला तर दोनशेच्या वर.

इथे घडीची हायड्रॉलिक क्रेन भाड्याने मिळते. तिच्यावर 'एक टन' लिहिलेलं असतं ते हात पूर्ण आत असताना. हात जितका बाहेर काढाल तितकी ताकद कमी होत जाते; प्रत्येक भोकाशी आकडा कोरलेला असतो, तो वाचा. क्रेनचे पाय गाडीखाली, दोन चाकांच्या मधून जातात का हे इंजिन लटकवण्याच्या आधी, रिकाम्या क्रेनने तपासा. आणि लेव्हलर घ्या. क्रेनचा हूक आणि इंजिन यांच्यामध्ये लावायचा तो आडवा दांडा. हँडल फिरवलं की इंजिनाचं नाक वर आणि शेपूट खाली. गिअरबॉक्ससकट काढायचं असेल तर त्याच्याशिवाय हात लावू नका.

माझ्याकडे चांगला मेट्रिक पान्यांचा संच आहे. चालेल?

नाही. या गाडीचे नट-बोल्ट इंचांतले आहेत. इथे गंमत अशी की उद्यमनगरातला जुना मिस्त्री इथल्या तरुण मेकॅनिकपेक्षा पुढे जाईल, कारण त्याचं माप सुतात असतं. अर्धा इंच म्हणजे चार सूत, ७/१६ म्हणजे साडेतीन सूत, ९/१६ म्हणजे साडेचार सूत. या तीन मापांच्या पान्यांवर जवळजवळ सगळी गाडी सुटते.

चार सुती बोल्टाला तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा तो जरासा सैल. स्वच्छ बोल्टाला चालून जाईल. पन्नास वर्षं गंजलेल्या बोल्टाची टोपी गोल होईल. शक्यतो सहा कोनांचे सॉकेट वापरा, बारा कोनांचे नकोत.

सुरुवात कुठून करायची?

बॅटरीपासून. आणि ती बॉनेटखाली शोधू नका. एमजीबीची बॅटरी सीटमागच्या पत्र्याच्या झाकणाखाली असते. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन, नंतर बारा व्होल्टची एक. जुन्या, डायनॅमोवाल्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, तेव्हा केबल सोडताना चिन्ह बघून सोडा.

बॅटरी आधी का, तर पेट्रोलचा पंप इलेक्ट्रिक आहे आणि तो मागे असतो. पुढची पेट्रोलची नळी सोडलेली असताना कुणी सहज चावी फिरवली तर पंप इमानेइतबारे टाकीतलं पेट्रोल गॅरेजभर ओतत राहील. सोडलेल्या नळीच्या तोंडात एक बोल्ट खोचून क्लिप आवळा. हीटर, गीझर, सिगारेट, काही पेटतं ठेवू नका. अग्निशामक नळकांडं हाताशी असू द्या.

मग बॉनेट. बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, परत बसवताना फटी जुळवत बसावं लागत नाही. सुरुवातीच्या गाड्यांची बॉनेट ॲल्युमिनियमची आहेत. कोपर टेकलं तरी पोचा पडतो. दोघांनी उचला आणि घरात, पलंगामागे उभं करा. घरच्यांची परवानगी ही तुमची जबाबदारी.

त्यानंतर पाणी काढा, इंजिन ऑइल काढा, गिअरबॉक्स येणार असेल तर त्याचंही ऑइल काढा. कूलंटचा टब झाकून ठेवा. ते चवीला गोड आणि मांजरा-कुत्र्यांना विषारी असतं. रेडिएटर त्याला धरणाऱ्या पत्र्यासकट काढा, पुढची सगळी वाट मोकळी होते.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो?

सायलेन्सरच्या सहा नटांत. या इंजिनाचे कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे. मॅनिफोल्डमधून दोन पाइप खाली जातात, प्रत्येकाला तीन नट. हे नट पितळी असायला हवेत, कारण पितळ गंजून स्टडला चिकटत नाही. पण मधल्या पन्नास वर्षांत कुणीतरी लोखंडी नट लावलेले असतातच. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. खालून लांब एक्स्टेन्शन लावून हळूहळू. पाव फेरा सोडा, थोडा परत आवळा, पुन्हा सोडा. स्टड 'कट्' करून तुटला तर रागावू नका. मॅनिफोल्ड इंजिनाबरोबर बाहेर येणारच आहे. तुटलेला स्टड टेबलावर काढणं सोपं.

कार्ब्युरेटर मात्र आधीच काढून ठेवा. दोन्ही कार्ब्युरेटर (एसयू बनावटीचे) जोडीने, मधल्या दांड्यासकट उतरवले तर त्यांचं जुळलेलं सेटिंग फारसं बिघडत नाही.

दुसरी नाजूक जागा म्हणजे तापमानाच्या मीटरची नळी. बऱ्याच गाड्यांत ती वायर नसून तांब्याची बारीक पोकळ नळी असते, डॅशबोर्डपर्यंत अखंड. मोडली की मीटर गेलं. सिलिंडर हेडमधून सोडून सैल वेटोळं करा आणि बाजूला टांगा.

गाडीखालून काय काय सोडायचं?

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा. जॅक चढवायला असतो, खाली झोपायला नाही. मागच्या चाकांना ओंडके लावा आणि खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने चांगला धक्का द्या. हलली तर आत जाऊ नका.

प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आणि गिअरबॉक्सच्या फ्लँजवर एक खूण करा, मग चार बोल्ट काढा. मग स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या वायरी, ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याच्या वायरी. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा) दोन बोल्टांवर असतो. त्याची ऑइलची नळी सोडू नका, सिलिंडर तसाच तारेने वर बांधून ठेवा आणि पेडलला कागद चिकटवा: 'दाबू नका'. गिअर लिव्हर आतून, केबिनमधून निघतो. तो विसरलात तर इंजिन एक वीत पुढे येऊन अडतं आणि कशात अडलंय ते खालून दिसत नाही.

गिअरबॉक्सखालचा आडवा बीम सगळ्यात शेवटी, इंजिनाचं वजन क्रेनने आणि गिअरबॉक्सचं जॅकने घेतल्यावरच. इंजिनाच्या दोन्ही फाउंडेशनचंही (इंजिन ज्यांवर टेकतं त्या रबरी बैठकांचंही) तसंच. उजवीकडच्या फाउंडेशनला हात नीट जात नाही, कारण बाजूला स्टिअरिंगचा दांडा. खालचं काम संपलं की गाडी पुन्हा चाकांवर आणा. वर उचलताना एकेक इंच मोलाचा असतो.

वायरी लक्षात कशा ठेवायच्या?

फोनवर फोटो, आणि वायरीला चिकटपट्टीचं लेबल. दोन्ही करा. एकट्या फोटोत तपकिरी आणि तपकिरी-पिवळी सारख्याच दिसतात. बोल्टांसाठी मी दिवाळीच्या फराळाचे रिकामे डबे वापरतो, झाकणावर मार्करने नाव. 'चकली' असं छापलेल्या डब्यात बेलहाउसिंगचे (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाचे) बोल्ट आहेत हे आता घरात सगळ्यांना माहीत आहे.

साखळी नक्की कुठे अडकवायची?

बऱ्याच इंजिनांवर रॉकर कव्हरच्या नटांखाली उचलायच्या कड्या असतात. नुसत्या इंजिनासाठी ठीक. गिअरबॉक्स लटकत असताना मी त्यांच्यावर विसंबत नाही. वजन पेलणारे दोन पट्टे घेतो, एक पुढे पुलीच्या मागून, दुसरा मागे बेलहाउसिंगपाशी, आणि ते लेव्हलरला अडकवतो. पट्ट्याचा भार ऑइलच्या चेंबरच्या पत्र्यावर येऊ देऊ नका, चेपतं.

उचलायला घेतलं, पण इंजिन हलतच नाही. क्रेन कमी पडतेय का?

क्रेन कमी पडत नाही. काहीतरी सोडायचं राहिलंय.

पहिल्या वेळी मी क्रेनचा दांडा पंप करत होतो. साखळी ताठ झाली, फाउंडेशनवरून इंजिन बोटभर उठलं, मला फार आनंद झाला. आणखी चार पंप. बायको गाडीच्या बाजूला टॉर्च घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अरे थांब, गाडीच वर येतेय!" खरंच पुढचे टायर फुगीर झाले होते, जमिनीवरचं वजन उतरलं होतं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची विणलेली पट्टी तशीच होती. मनगटाएवढीही रुंद नाही, पण निम्मी गाडी तिने उचलून धरली होती. ती तुटून साखळी सुटली असती तर काय झालं असतं, हे मी पुढे बरेच दिवस रात्री झोपताना आठवत होतो.

त्या रात्री उद्यमनगरातल्या मिस्त्रींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साखळी वडायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची. काय ऱ्हायलंय ते गाडीच सांगती."

तेव्हापासून फेरी मारतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हात लावत: अर्थ पट्टी, सेल्फची केबल, डायनॅमो किंवा अल्टरनेटर, ऑइल प्रेशरची नळी, ऑइल कूलरचे दोन पाइप, हीटरचे दोन पाइप, हीटरची केबल, चोक, ॲक्सिलरेटर, एक्झॉस्ट, डिस्ट्रिब्युटरच्या वायरी, मग खाली वाकून स्पीडोमीटरची केबल आणि स्लेव्ह सिलिंडर, मग केबिनमध्ये गिअर लिव्हर. पाच मिनिटं लागतात. प्रत्यक्ष इंजिन बाहेर यायलाही तेवढीच लागतात. दोन दिवस जातात ते या यादीतलं एकेक सोडवण्यात.

उचलताना कोण कुठे उभं राहील?

एक जण क्रेनवर, एक जण गिअरबॉक्सची शेपटी सांभाळायला. बोलणारा एकच. लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय नाहीत, आणि ते डुललं तर धरायला जायचं नाही, बाजूला व्हायचं. थोडं वर, थोडं पुढे, लेव्हलर दोन फेरे, पुन्हा थोडं वर. पुढची पुली स्टिअरिंग रॅकवर घासते का बघत राहा. ऑइल कूलरपुढे जाड पुठ्ठा ठेवा. बाहेर आलं की लगेच खाली घ्या, हवेत ठेवून फोटो काढायचे नाहीत. हो, मीही काढलाय.

एकट्याने होईल का?

सोडवायचं काम होईल. उचलायचं नाही.

बाहेर आलंच आहे तर आणखी काय करून घ्यावं?

क्लचची तिन्ही अंगं: प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग. एकच बदलून बाकी जुनी ठेवणं म्हणजे दोन वर्षांत पुन्हा हे पान उघडणं. क्रँकच्या टोकातला छोटा पितळी बुश, मागचं ऑइल सील असेल तर तेही, इंजिनाची फाउंडेशन रबरं, हीटरचे पाइप. फ्लायव्हीलचे दाते एक फेरा फिरवून बघा.

जुन्या क्लचची धूळ हवेने उडवू नका, ब्रशने झाडूही नका. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी १९९९ मध्ये आली, त्याआधीच्या प्लेटमध्ये ते असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आणि हात आवरा. 'आता बाहेर आहेच तर' या चार शब्दांनी पुष्कळ एमजीबी दहा-दहा वर्षं ताडपत्रीखाली गेल्यात.

जुन्या ऑइलचं काय करायचं?

कॅनमध्ये भरा आणि कौन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रावर नेऊन द्या. गटारात ओतणं गुन्हा आहे.

कागदपत्रांचं काही?

तेच इंजिन परत बसवणार असाल तर काही नाही. दुसरं बसवलं तर नवा इंजिन नंबर डीव्हीएलएला (ब्रिटनमधल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवून गाडीच्या नोंदणीपत्रात दुरुस्त करून घ्यावा लागतो. ४० वर्षांपुढच्या गाड्यांना, मोठे फेरफार नसतील तर, मे २०१८ पासून दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. पण क्लच बदलून पहिल्यांदा रस्त्यावर काढताना कुणा जाणत्याला दाखवायला काय हरकत आहे?

भारतात जुन्या गाडीवर हेच काम करत असाल तर इंजिन बदलताना आरटीओकडे नोंद आवश्यक आहे, आणि नंबर खोडलेल्या स्वस्त इंजिनाच्या वाटेला जाऊ नका.

परत बसवल्यावर लगेच चालू करू?

नको. स्पार्क प्लग काढा, बॅटरी जोडा आणि सेल्फ थोडा थोडा वेळ फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. काटा हलला नाही तर प्लग बसवायचेच नाहीत. आधी ऑइल पंपापर्यंत का पोचत नाही ते शोधा.

मग प्लग लावा, आणि सेल्फ न मारता नुसती चावी अर्धी फिरवून कान द्या. मागून पेट्रोल पंपाची टिकटिक येईल. आधी भरभर, मग सावकाश, आणि कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या की बंद. बंद झाली तर सेल्फ मारा. टिकटिक थांबलीच नाही तर चावी काढून घ्या आणि बॉनेटखाली वास घ्या. कुठल्या तरी नळीची क्लिप आवळायची राहिलीय.